व्हीलचेअरवरील खेळाडूंच्या दुखापती: ओळख, प्रथमोपचार आणि काळजी

व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल, क्रिकेट, टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिस किंवा थाळीफेक खेळणाऱ्यांची संख्या वाढते आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातही तुमच्या घरात, गल्लीत किंवा तालुक्यात असा एखादा खेळाडू असेल. कदाचित तुम्ही स्वतःच असाल. तपासणीला आलेले असे खेळाडू बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, खेळ बंद करावा लागेल का?" सोबत आलेल्या आई-वडिलांचा प्रश्न वेगळा असतो, "आधीच एवढं झालंय, त्यात खेळून आणखी काही झालं तर?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. बहुतेक दुखापती टाळता येतात आणि वेळेवर ओळखल्या तर खेळ कायमचा बंद करावा लागत नाही. मात्र या खेळाडूंच्या दुखापती इतर खेळाडूंपेक्षा वेगळ्या असतात. काही दुखापती दुखतच नाहीत. त्यामुळे त्या शोधाव्या लागतात.

खेळ हा उपचाराचाच भाग आहे

व्हीलचेअर क्रीडास्पर्धांची सुरुवात रुग्णालयात झाली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडील उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग अधू झाला. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात खडकी येथे १९७४ पासून सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथेही खेळाला पुनर्वसनात महत्त्वाचे स्थान आहे.

नियमित खेळामुळे हृदय, फुप्फुसे, स्नायू, झोप आणि मन या सगळ्यांना फायदा होतो. म्हणून दुखापतीच्या भीतीने खेळाडूला घरी बसवू नका.

आधी हे पाहा: तुम्हाला स्पर्श कळतो का?

व्हीलचेअर वापरण्याचे कारण प्रत्येकाचे वेगळे असते. त्यानुसार दुखापतीचा धोकाही बदलतो.

- मज्जारज्जूला इजा: अपघात, झाडावरून किंवा विहिरीत पडणे, मणक्याचा क्षयरोग अशा कारणांनी हे होते. इजेच्या खालच्या भागात हालचालीबरोबर स्पर्श, वेदना, गरम-थंड यांची जाणीवही कमी किंवा नाहीशी होते. लघवी व शौचावरील ताबा जातो. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर रक्तदाब आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची यंत्रणाही बिघडते.
- पोलिओ: स्नायू कमजोर असतात, पण स्पर्श आणि वेदना पूर्ण कळतात. प्रौढ खेळाडूंमध्ये अनेक वर्षांनी नवा थकवा आणि नवी कमजोरी येऊ शकते. अशा वेळी जास्त जोर लावून सराव केल्याने नुकसान होते.
- पाय गमावलेले खेळाडू: उरलेल्या भागाच्या त्वचेवर घासून जखमा होतात. शरीराचा तोल बदललेला असल्यामुळे खुर्चीतून पडण्याची शक्यता असते.

स्वतःची इजा कोणत्या मणक्याच्या पातळीला आहे, हे प्रत्येक खेळाडूला आणि त्याच्या प्रशिक्षकाला माहीत असले पाहिजे.

१. खांदेदुखी: सर्वांत जास्त आढळणारा त्रास

खांदा हा सर्व बाजूंनी फिरणारा सांधा आहे. निसर्गाने तो वस्तू उचलण्या-फेकण्यासाठी बनवला, शरीराचे वजन पेलण्यासाठी नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्याचा खांदा मात्र पायाचे काम करतो. खुर्ची ढकलणे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत सरकणे, आणि वर खेळात चेंडू फेकणे हे सगळे तोच करतो.

खुर्ची ढकलून छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू बळकट होतात, पाठीकडचे स्नायू मागे पडतात. खांदे पुढे झुकतात. हात वर उचलताना सांध्यावरचे स्नायुबंध हाडाखाली घासले जातात, सुजतात आणि दुर्लक्ष केले तर फाटूही शकतात.

लक्षणे:
- डोक्यावरून चेंडू टाकताना किंवा शर्ट घालताना खांद्याच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखणे
- त्या कुशीवर झोपल्यावर रात्री जाग येणे
- खुर्चीतून पलंगावर सरकताना हात कमजोर वाटणे

काय करावे?

इतर खेळाडूंना आम्ही "दोन आठवडे विश्रांती घ्या" असे सांगतो. तुम्हाला ते शक्य नसते, कारण हात थांबला तर घरातले फिरणेही थांबते. म्हणून कामाची विभागणी करा. पहिले काही दिवस फेकणे आणि वेगाने खुर्ची ढकलण्याचा सराव थांबवा. सरकण्यासाठी गुळगुळीत फळी वापरा किंवा घरच्यांची मदत घ्या. चढावर कोणाला तरी मागून ढकलू द्या. दुखऱ्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा लावा.

वेदनाशामक गोळी खाऊन सामना खेळू नका. दुखणे दबते, पण इजा वाढते. शिवाय पाणी कमी प्यालेले असताना या गोळ्यांचा मूत्रपिंडावर वाईट परिणाम होतो.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा हात वर उचलताच येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक रुग्ण फिजिओथेरपीने बरे होतात. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. स्टिरॉइडचे इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध यादीत येते.

२. कोपर, मनगट आणि बोटे

- हाताला मुंग्या येणे: अंगठा आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपराजवळची नस किंवा तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दाबली गेलेली असू शकते. हातातली वस्तू निसटू लागेपर्यंत थांबू नका.
- कोपराच्या बाहेरच्या बाजूची दुखी: रॅकेट किंवा रिम घट्ट पकडून ही होते. रॅकेटची मूठ आपल्या हाताच्या मापाची आहे का, ते पाहा.
- फोड आणि खरचटणे: नव्या खेळाडूंना सुरुवातीला तळहातावर फोड येतातच. हातमोजे वापरा किंवा बोटांना टेप लावा. फोडावरची कातडी ओढून काढू नका. जखम साबण-पाण्याने धुऊन झाका. मैदानाच्या मातीत जखम झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, हे डॉक्टरांना विचारा.
- बोट चाकात अडकणे: स्पोकमध्ये किंवा दोन खुर्च्यांच्या मध्ये बोट चेंगरते. स्पोकवर संरक्षक चकती असावी. खेळताना अंगठी, कडे, मनगटाचे दोरे काढून ठेवा. बोट वाकडे दिसत असेल तर ओढून सरळ करू नका, एक्स-रे काढा.

३. त्वचेची जखम: जी दुखत नाही आणि सर्वांत जास्त दिवस घेते

याला आपण बेडसोअर म्हणतो, पण ती फक्त पलंगावरच होते असे नाही. खेळाच्या खुर्चीत गुडघे बसण्याच्या भागापेक्षा वर असतात. त्यामुळे शरीराचा भार बसण्याच्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर येतो. त्यात घाम, घासणे आणि तासन्‌तास बसणे यांची भर पडते. स्पर्श कळत नसल्याने खेळाडूला काहीच जाणवत नाही.

पहिली खूण म्हणजे त्वचेचा रंग बदलणे. गोऱ्या त्वचेवर लाली दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट दिसते, हाताला गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते.

काय करावे?

- सराव झाल्यावर आंघोळीच्या वेळी हातआरशाने किंवा घरच्यांच्या मदतीने बसण्याची जागा, माकडहाड, टाचा आणि घोटे रोज पाहा. मोबाइलने फोटो काढून पाहणेही सोयीचे पडते.
- दर अर्ध्या तासाने पुढे किंवा बाजूला झुकून सुमारे दोन मिनिटे भार हलका करा. हातांवर शरीर उचलून धरण्याने खांद्यावर ताण येतो आणि दोन मिनिटे तसे राहताही येत नाही. झुकणे जास्त चांगले.
- डाग भार काढल्यावर अर्ध्या तासातही गेला नाही, तर तो पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर बसू नका. सामना असला तरीही.
- त्या जागेला चोळू नका. तेल, हळद, पावडर लावू नका. मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नका. तिच्यामुळे कडेचा रक्तपुरवठा अडतो.
- कातडी फाटली, पाणी किंवा वास येऊ लागला, ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

एक दिवसाचा डाग दोन-तीन दिवसांत जातो. तोच खोल जखमेत बदलला तर महिनोन्‌महिने पालथे झोपून काढावे लागतात आणि कधी शस्त्रक्रिया करावी लागते. अंतिम सामन्यापेक्षा पुढचा हंगाम महत्त्वाचा आहे.

चटक्यांकडेही लक्ष द्या. उन्हात तापलेली खुर्चीची लोखंडी नळी, जोडचाकी स्कूटरचा सायलेन्सर, गरम पाण्याची पिशवी, विटेचा किंवा मिठाचा शेक यांनी जाणीव नसलेल्या पायाला खोल भाजते आणि कळतही नाही. जिथे स्पर्श कळत नाही, तिथे शेक देऊ नका.

४. ऊन आणि उष्माघात

आपला जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेचा. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो. मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा असलेल्या खेळाडूला इजेच्या खाली घाम येत नाही. त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद असतो. बाकीचे खेळाडू घामाने निथळत असतात आणि हा कोरडा दिसतो, म्हणून तो ठीक आहे असे समजू नका.

- उन्हाळ्यात सराव सकाळी ९ च्या आत किंवा सूर्यास्ताच्या सुमारास ठेवा.
- चेहरा, मान आणि हातांवर पाण्याचा फवारा मारा, मानेवर ओला पंचा ठेवा, हवा घाला.
- दर १५-२० मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्या. मैदानावर स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणारे खेळाडू, विशेषतः मुली, बऱ्याच आढळतात. आयोजकांनी व्हीलचेअर जाईल असे स्वच्छतागृह देणे ही सोय नसून दुखापत टाळण्याचा उपाय आहे.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंग गरम लागणे ही लक्षणे दिसली की खेळ थांबवा. सावलीत नेऊन अंगावर पाणी टाका. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे चालू ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

५. अचानक रक्तदाब वाढणे: ही तातडीची स्थिती आहे

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर इजा असलेल्यांनाच प्रामुख्याने हे होते. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. इजेच्या खाली काहीतरी खुपत असते: भरलेले मूत्राशय, पिळलेली कॅथेटरची नळी, साचलेला शौच, घट्ट पट्टा, बुटातला खडा, मोडलेले हाड. खेळाडूला ते जाणवत नाही, पण शरीर प्रतिक्रिया देते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो.

लक्षणे: डोके फुटेल असे दुखणे, चेहरा व मान लाल होणे, इजेच्या वरच्या भागाला घाम, अंगावर काटा, नाक चोंदणे, अस्वस्थता.

लगेच हे करा:
1. खेळाडूला ताठ बसवा. आडवे करू नका. शक्य असल्यास पाय खाली सोडा.
2. छातीचा, पोटाचा, पायाचा पट्टा, बूट, मोजे, कपडे सैल करा.
3. कॅथेटरची नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का पाहा. कॅथेटर नसेल तर नेहमीच्या पद्धतीने मूत्राशय रिकामे करा.
4. बूट, पाय आणि बसण्याची जागा तपासा.
5. रक्तदाब दर काही मिनिटांनी मोजा.
6. कारण सापडले नाही किंवा दाब उतरला नाही तर वेळ न घालवता रुग्णालयात न्या.

या खेळाडूंचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० इतका कमी असू शकतो. म्हणून १४० हा आकडा इतरांसाठी साधा असला तरी त्यांच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो. आपला नेहमीचा रक्तदाब, इजेची पातळी आणि या स्थितीचे नाव लिहिलेले कार्ड खुर्चीला लावून ठेवा. रात्रपाळीच्या डॉक्टरांना ते लगेच उपयोगी पडते.

काही खेळाडू कामगिरी वाढावी म्हणून मुद्दाम लघवी तुंबवून किंवा पट्टा आवळून ही स्थिती आणतात. पॅरालिम्पिक नियमांनुसार यास बंदी आहे आणि यात मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

६. पायाचे हाड न दुखता मोडणे

वर्षानुवर्षे भार न आल्याने लुळ्या पायांची हाडे ठिसूळ होतात. खुर्ची उलटणे, पाय फुटरेस्टवरून घसरणे, इतकेच काय, सरकताना पाय पिळला जाणे एवढ्यानेही गुडघ्याच्या आसपासचे हाड मोडू शकते. वेदना कळत नसल्याने खूण एकच: पाय सुजतो, गरम लागतो, निळसर दिसतो किंवा वाकडा होतो. कधी फक्त पायाचे झटके वाढतात किंवा बारीक ताप येतो.

एका पायाची अचानक आलेली सूज रक्तवाहिनीत गाठ झाल्यामुळेही असू शकते. दोन्ही शक्यता गंभीर आहेत. तेल लावून चोळू नका, बांधून घेऊ नका. त्याच दिवशी एक्स-रे आणि गरज असल्यास सोनोग्राफी करा.

७. डोक्याला मार

बास्केटबॉलमध्ये खुर्च्या आदळून खेळाडू मागे पडतो तेव्हा डोके जमिनीवर आपटते. थोडा वेळ गोंधळणे, डोके दुखणे, अंधारी येणे, स्कोअर न आठवणे यापैकी काहीही असले तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले तर लगेच रुग्णालय. मान दुखत असेल किंवा हातांत नवी कमजोरी आली असेल तर मान न हलवता मदत मागवा.

८. लघवीचा जंतुसंसर्ग

ही दुखापत नसली तरी या कारणानेही सामने चुकतात. लघवी गढूळ होणे, उग्र वास, ताप, थंडी, पायाचे झटके वाढणे ही लक्षणे आहेत. पाणी पुरेसे प्या, कॅथेटर वेळेवर आणि स्वच्छ हातांनी लावा, प्रवासातही वेळ पाळा. जुन्या चिठ्ठीवरून स्वतःच अँटिबायोटिक घेऊ नका. लघवीची तपासणी करून औषध घ्या.

खुर्ची आणि सराव: दुखापत टाळण्याचा अर्धा भाग

- हात रिमच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवल्यावर कोपर साधारण १०० ते १२० अंशांत वाकलेले असावे. खुर्ची फार खाली किंवा फार वर असेल तर खांद्यावर ताण येतो.
- तोल सांभाळून चाकाचा आस जितका पुढे घेता येईल तितका चांगला.
- खुर्ची ढकलताना लांब, संथ रेटा द्या. छोटे झटके देऊ नका. रेटा दिल्यावर हात रिमच्या खालून सैल सोडून मागे आणा.
- टायरमधली हवा दर आठवड्याला पाहा. हवा कमी असली की त्याच अंतरासाठी खांद्याला जास्त जोर लावावा लागतो.
- दुसऱ्याच्या मापाची मिळालेली खुर्ची कुशन आणि पट्टे बदलून आपल्या मापाची करून घ्या.
- आठवड्यातून दोन-तीन दिवस रबरी पट्ट्याने खांदा बाहेरच्या बाजूला फिरवण्याचे आणि पट्टा मागे ओढून पाठीची पाती जवळ आणण्याचे व्यायाम करा. छातीच्या स्नायूंना रोज ताण द्या, प्रत्येक वेळी ३० सेकंद.
- स्पर्धा जाहीर झाली म्हणून सराव एकदम दुप्पट करू नका. दर आठवड्याला थोडा वाढवा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती ठेवा.

पुन्हा मैदानावर केव्हा?

दुखापतीनंतर चार गोष्टी तपासा. हालचाल दोन्ही बाजूंना सारखी आहे का? रोजचे सरकणे आणि खुर्ची ढकलणे न दुखता होते का? त्वचा पूर्ण बरी आहे का? खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढत नाही ना? चारही उत्तरे समाधानकारक असली की आधी हलका सराव, मग फेकणे, मग धक्काबुक्कीचा खेळ आणि शेवटी सामना, असा क्रम ठेवा.

कुठे दाखवावे?

जिल्ह्यात शासकीय जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची तपासणीही तिथे होते. लोणी येथील प्रवरा रुग्णालय आणि विळद घाटातील विखे पाटील रुग्णालय यांच्याशी जोडलेली फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. गुंतागुंतीच्या पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तपासणीला जाताना शक्य असेल तर खेळाची खुर्ची सोबत न्या. खांद्याच्या दुखण्याचे कारण अनेकदा खुर्चीतच सापडते.

घरच्यांसाठी

तुमची काळजी योग्य आहे. ती "नको खेळूस" या शब्दांत व्यक्त करण्याऐवजी रोज पाच मिनिटे त्वचा पाहण्यात, पाण्याची बाटली भरून देण्यात आणि टायरची हवा तपासण्यात दाखवा. आणि खेळाडूंनो, दुखणे लपवू नका. "सांगितलं तर खेळ बंद करतील" या भीतीने लपवलेली छोटी दुखापतच पुढे खेळ बंद करते. पहिल्या आठवड्यात आलेल्या खेळाडूला बहुतेक वेळा काही आठवड्यांत पुन्हा मैदानावर पाठवता येते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या इजेची पातळी, चालू औषधे आणि इतर आजार लक्षात घेऊन नेमका सल्ला तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.